कोथळीगड सरकतो तेव्हा

कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याच्या नाक्यावरून पूर्वेला पाहिलं की सह्याद्रीची भिंत आडवी पसरलेली दिसते. त्या भिंतीच्या अलीकडे कोथळीगड आहे. इकडे त्याला पेठचा किल्ला म्हणतात. पण नवख्या माणसाला तो दाखवायला जावं तर पंचाईत होते. गडाचा सुळका मागच्या कड्यांच्या रंगात असा मिसळलेला असतो की तो भिंतीचाच एक उंचवटा वाटावा. आपण बोट दाखवून दमतो, पाहुणा ‘हो हो, दिसला’ म्हणतो आणि भलतीकडेच बघत असतो. टमटममध्ये बसून आंबिवलीच्या रस्त्याला लागलं की मात्र कुणी न सांगता उलगडा होतो. रस्ता वळतो तसा सुळका मागच्या भिंतीवरून सरकायला लागतो. मघाशी ज्या घळीसमोर होता तिथून निघून शेजारच्या कड्यासमोर जातो. भिंत जागची हलत नाही आणि सुळका हलतो, त्याअर्थी तो सुटा आहे आणि आपल्या बाजूला आहे.

आकाशातल्या वस्तूंची अंतरं मोजण्याची सगळ्यात भरवशाची रीत एवढीच आहे. घरबसल्या करून बघायची असेल तर हात लांब करून अंगठा धरा आणि आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी होते, लांब नेला की लहान. दोन डोळ्यांमधलं अंतर ठाऊक असेल आणि उडी किती अंशांची ते मोजता आलं, तर अंगठा किती दूर आहे हे टेपशिवाय सांगता येतं. या उडीला पराशय म्हणतात. एकाच जागेवरून पाहिलं तर वस्तू कुठल्या दिशेला आहे तेवढंच कळतं. ती किती लांब आहे हे कळायला दुसरी जागा लागते.

माणसांचंही असंच असतं, असं मी म्हणणार हे वाचकानं ओळखलं असेल. म्हणणारच आहे. फक्त ते सुविचारासारखं फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं नाही. ही रीत आकाशात कशी चालली, कुठे फसली, हे आधी नीट पाहिलं तर माणसांच्या बाबतीत ती कुठे लावायची आणि कुठे नाही, हेही कळेल.

१५७७ साली युरोपात मोठा धूमकेतू दिसला. धूमकेतू म्हणजे आपल्याच हवेत वर कुठेतरी पेटलेली वाफ, असं ॲरिस्टॉटलपासून मानलं जाई. डेन्मार्कच्या टायको ब्राहेनं आपल्या बेटावरून घेतलेली मापं प्रागमधल्या मापांशी ताडून पाहिली. चंद्र दोन ठिकाणांहून ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जेवढा सरकलेला दिसतो तेवढासुद्धा हा धूमकेतू सरकत नव्हता. म्हणजे तो चंद्राच्याही पलीकडे होता. दोन हजार वर्षांची समजूत दोन गावांच्या मापांनी मोडली.

याच टायकोनं हीच रीत ताऱ्यांना लावली. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांनी आपण कक्षेच्या दुसऱ्या टोकाला असू आणि जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांपुढे सरकलेले दिसायला हवेत. त्यानं पाहिलं. सरकलेले दिसले नाहीत. म्हणून पृथ्वी फिरत नाही, असा निष्कर्ष त्यानं काढला. तर्कात कुठे खोट नव्हती. तारे इतके दूर असतील की त्यांची उडी आपल्या उपकरणात सापडणारच नाही, ही शक्यता मात्र त्याला पटण्यासारखी वाटली नाही. टायकोचं निरीक्षण त्या काळी जगात सगळ्यात काटेकोर होतं, हे लक्षात ठेवलं की या चुकीचं वजन कळतं. ‘मला दिसलं नाही’ इथून ‘नाहीच’ इथवर जायला पाऊलही टाकावं लागत नाही, आणि जो जास्त काळजीपूर्वक बघतो त्याला तो मोह जास्त होतो.

ती उडी सापडायला १८३८ साल उजाडावं लागलं. कोनिग्सबर्गचा फ्रीडरिश बेसेल हा मूळचा ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीवरचा उमेदवार. विद्यापीठाची पायरी न चढता तो रात्री जागून गणित शिकला. त्यानं निवडलेला तारा मोठा मजेशीर होता. बाकीचे तेजस्वी ताऱ्यांच्या मागे लागत, कारण जो जास्त चमकतो तो जवळचा असणार, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. बेसेलनं हंस तारकासमूहातला एक मिणमिणता तारा घेतला, ६१ सिग्नी. कारण एकच. वर्षामागून वर्षं तो आकाशात आपली जागा बदलत होता. वर्षाला सुमारे पाच विकला म्हणजे फार नव्हे. पौर्णिमेच्या चंद्राएवढी रुंदी ओलांडायला साडेतीनशे वर्षं लागतील. पण ताऱ्यांच्या मानानं ही पळापळच. पियाझी या इटालियन ज्योतिर्विदानं त्याला ‘उडता तारा’ म्हटलं होतं. जो हलताना दिसतो तो जवळ असण्याची शक्यता जास्त, असा बेसेलचा हिशेब.

वर्षभराहून अधिक काळ मापं घेतल्यावर आकडा आला तो एका विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. दहा रुपयांचं नाणं सतरा-अठरा किलोमीटरवर धरलं तर ते जेवढं दिसेल तेवढा. कशेळ्यात उभं राहून कर्जत स्टेशनाच्याही पलीकडचं नाणं मोजायचं, असं समजा. त्यावरून ताऱ्याचं अंतर निघालं दहा प्रकाशवर्षांच्या थोडं वर. आजचा आकडा ११.४ आहे.

हा तारा कशेळ्याहून दुर्बिणीशिवाय दिसू शकतो आणि मुंबईहून दिसत नाही. दसऱ्यानंतर हवा धुऊन निघालेली असते. चंद्र नसलेल्या संध्याकाळी आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून मान वर केली की हंस सापडतो. त्याच्या शेपटीचा ठळक तारा म्हणजे डेनेब. डेनेब, हंसाच्या छातीचा तारा आणि पूर्वेकडच्या पंखाचा ठळक तारा हे तीन कोपरे धरून मनातल्या मनात चौकोन पुरा करा. चौथ्या कोपऱ्यावर जो बारीक ठिपका आहे तो ६१ सिग्नी. आता पुन्हा डेनेबकडे पाहा. आकाशातल्या पहिल्या वीस तेजस्वी ताऱ्यांमध्ये त्याची गणना होते. त्याचं अंतर कुणी दीड हजार प्रकाशवर्षं सांगतं, कुणी अडीच हजार. पराशय इतका बारीक आहे की अजून एकमत नाही. नजरेच्या एकाच टप्प्यात दिसणाऱ्या या दोघांमध्ये जो झगमगतो तो शंभरपटींहून दूर आहे आणि जो कष्टानं सापडतो तो शेजारचा आहे.

मात्र याचा नियम करायला जाऊ नये. चमकणारा तारा जवळचाही असू शकतो. वैशाखात दक्षिण क्षितिजालगत दिसणारा ‘मित्र’ तारा तेजस्वी आहे आणि अवघ्या ४.४ प्रकाशवर्षांवर आहे. तेजावरून अंतर ठरत नाही, एवढंच खरं.

मुंबईतले आकाशवेडे या पट्ट्यात येतात ते अंधारासाठी. हॅलीच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत. हल्ली तिथलाही काळोख पातळ झालाय, आणि कशेळ्याहूनसुद्धा पश्चिमेला बदलापूर-कल्याण-मुंबईचा उजेड क्षितिजावर चढलेला दिसतो. गंमत अशी की मुंबई उजळली ती याच डोंगरांच्या पाण्यावर. खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं १९२२ सालचं. घाटमाथ्यावरचं पाणी पाइपांतून खाली सोडायचं, जनित्रं फिरवायची आणि वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांना न्यायची. मनोरे ज्यांच्या शेतांवरून गेले त्यांच्या घरात चिमणीच होती.

हे मनोरे पाडले म्हणून भाई कोतवालांचं नाव इतिहासात आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, नाभिक कुटुंबात झाला. ते शिकून वकील झाले. १९४२च्या ऑगस्टमध्ये नेत्यांची धरपकड झाल्यावर ते भूमिगत झाले आणि भागातले तरुण जमवून त्यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडायला त्या दस्त्यानं सुरुवात केली. सरकारनं इनाम लावलं. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं, तिथे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते.

दर २ जानेवारीला जी भाषणं होतात ती साधारण इथवर असतात. ती खोटी नसतात. पण ती एका जागेवरून केलेली असतात. सिद्धगडच्या पायथ्याशी उभं राहिलं की कोतवालांच्या हातात बंदूकच दिसते, आणि माणूस डेनेबसारखा होतो. लखलखीत, आणि किती दूर ते सांगता न येणारा. शाळेतल्या पोरानं त्याच्याकडे पाहून टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं. त्या पोराला मनोरा थोडाच पाडायचाय?

दुसरी जागा धरून पाहू. ती आहे श्रावणातलं एखादं घर. इथलं मुख्य पीक भात. कार्तिकात झोडणी झाली की कणगी भरते आणि ज्येष्ठ-आषाढात, नेमकं चिखलणी-लावणीचं जिवावरचं काम असतं तेव्हा, ती रिकामी होते. मग सावकाराच्या दारात जायचं आणि भात उचलायचं. परतफेड सवाईनं म्हणजे सव्वापट, नाहीतर दिढीनं म्हणजे दीडपट. मणभर खाल्लं की सुगीत दीड मण मोजून द्यायचं. त्यामुळे पुढच्या वर्षी कणगी आणखी लवकर रिकामी. हे चक्र एकदा सुरू झालं की शेवटी जमीनच सावकाराच्या नावावर जाते. कोतवालांनी या भागात धान्यकोठी काढली ती यावर उपाय म्हणून: सुगीत धान्य गोळा करायचं, अडचणीत गरजूला द्यायचं, सावकाराच्या दारात जायची वेळ आणायची नाही. खेड्यातल्या मुलांसाठी स्वयंसेवकांच्या शाळा चालवणं हेही त्याच काळातलं काम. माथेरान नगरपालिकेच्या कारभारातही ते होते. या कामात पाटीवर मापट्यांचे हिशेब असतात, कुणी किती परत केलं नाही याची कटकट असते, आणि पुतळा उभारावा असं त्यात काही नसतं.

आता दोन्ही जागांवरून दिसलेलं एकत्र ठेवा. मनोरे पाडणारा एक आणि धान्य मोजणारा एक, अशी दोन चित्रं आहेत. आपली सवय अशी की दोन्हीची सरासरी काढायची: थोडे क्रांतिकारक, थोडे समाजसेवक. पराशयात सरासरी काढत नाहीत. अंगठा डाव्या डोळ्याला इथे दिसला, उजव्याला तिथे दिसला, म्हणून तो मध्ये आहे असं म्हटल्यानं काहीच कळत नाही. दोन चित्रांत जो फरक पडला तोच मोजायचा असतो. कोतवालांच्या बाबतीत त्या फरकातून एक प्रश्न सुटतो, जो एकेका चित्रातून सुटत नाही. डोक्यावर इनाम असलेली माणसं महिनोन्‌महिने या जंगलात राहिली कशी? अपरात्री कुणाच्या घरची भाकरी खाल्ली? माझं उत्तर असं की, ज्यांच्या घरात पावसाळ्यात कोठीचं भात गेलं होतं त्या घरांची दारं उघडली. दस्ता ऑगस्टमध्ये जन्मला असं आपण म्हणतो. त्याचं बी त्याआधीच्या पावसाळ्यांत पेरलेलं होतं.

आणि इथून कोतवालांचं अंतर कळतं. ते कमी आहे. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षांनी खुद्द कशेळ्यात अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं ठाकूर-कातकरी वाड्यांमध्ये धान्यकोशाचंच काम केलं. वाडीनं सुगीत धान्य जमा करायचं, पावसाळ्यात ज्याला लागेल त्यानं न्यायचं, परत करताना थोडं वाढवून द्यायचं म्हणजे साठा घटत नाही. सवाई-दिढीला तोड म्हणून तेच हत्यार पुन्हा धार लावून वापरलं गेलं. मनोरा पाडण्याचं धैर्य कुठून आणायचं हे कुणाला शिकवता येत नाही, पण मापट्याचा हिशेब ठेवायला शिकवता येतो.

दुसऱ्या जागेवर स्वतःला जाता येत नसेल तर? १६७२ साली पॅरिसच्या ज्योतिर्विदांनी मंगळाचा पराशय काढायचं ठरवलं. कासिनी पॅरिसमध्ये थांबला आणि रिशेला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर कायेनला पाठवलं. दोघांनी मंगळ पाहिला, टिपणं केली आणि रिशे परतल्यावर ती ताडली. त्यावरून सूर्याचं अंतर निघालं चौदा कोटी किलोमीटर, खऱ्या पंधरा कोटींच्या बरंच जवळ. दुसऱ्या टोकाला माणूस हवा आणि त्याच्या टिपणावर आपला विश्वास हवा. तो आपल्याला आवडायला हवा असं नाही.

त्याच वर्षी खालापूर तालुक्यातल्या चौकचा एक माणूस मोगलांच्या चाकरीत होता. नेतोजी पालकर. चौक हे त्यांचं गाव मानलं जातं. शिवाजी महाराजांचे सरनोबत, इतके नावाजलेले की लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणत. जानेवारी १६६६मध्ये पन्हाळ्याच्या स्वारीत वेळेवर न पोचल्याचा ठपका त्यांच्यावर आला, ते सरनोबतीवरून दूर झाले आणि आधी आदिलशाहीकडे, मग मिर्झाराजे जयसिंगामार्फत मोगलांकडे गेले. इथल्या जागेवरून पाहिलं तर हा सरळ फितुरीचा मामला दिसतो. तो गिळवत नाही म्हणून काहीजण सांगतात की हा महाराजांचाच डाव होता. या दुसऱ्या गोष्टीला मला आधार दिसत नाही. आवडत्या माणसाला डाग लागू नये म्हणून आपण रचलेली ती सोय आहे.

आता दिल्लीच्या बाजूनं पाहू. त्या बाजूची टिपणं फारसीत आहेत आणि ती आपल्या भल्यासाठी लिहिलेली नाहीत, म्हणूनच उपयोगाची. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबानं नेतोजींना पकडवलं. फितूर होऊन आलेला माणूस दरबाराला भरवशाचा वाटत नव्हता, तोही निसटेल अशी भीती होती. १६६७ साली त्यांना मुसलमान करण्यात आलं, मुहम्मद कुली खान हे नाव मिळालं आणि रवानगी झाली काबूलकडच्या मोहिमांवर, घरापासून जितकं लांब पाठवता येईल तितकं लांब. जवळजवळ नऊ वर्षांनी, १६७६ साली, ते परत महाराजांकडे आले. प्रायश्चित्त होऊन त्यांना धर्मात परत घेतल्याची नोंद जेधे शकावलीत आहे.

रायगडावरून पाहिलं तर हा माणूस निघून गेलेला दिसतो. दिल्लीहून पाहिलं तर कधीच पुरता न आलेला दिसतो. या दोन नोंदींमधल्या फरकावरून नेतोजी स्वराज्यापासून खरोखर किती अंतर गेले होते याचा अंदाज येतो. महाराजांनी तो अंदाज आपल्याआधी केला असावा. नाहीतर नऊ वर्षं शत्रूच्या फौजेत वावरलेल्या माणसाला घरात कोण घेईल?

रोजच्या व्यवहारात ही रीत फसते ती बहुतेक टायकोसारखी नाही, त्याहून साध्या कारणानं फसते. आपण दुसरी जागा म्हणून पहिलीच जागा धरतो. नाक्यावरच्या चौघांना विचारलं आणि चौघांनी एकच सांगितलं तर ते चार पुरावे होत नाहीत. चौघं एकाच बाकावर बसलेले असतात. मोबाइलवर दहा जणांकडून आलेला एकच मजकूर हीसुद्धा एकच जागा. दोन डोळ्यांमधलं अंतर शून्य असेल तर अंगठा सरकणार नाही.

या भागातल्या शाळांच्या हजेरीपटाचं उदाहरण घ्या. दिवाळीनंतर कातकरी मुलांच्या नावांपुढे गैरहजेरीचे शेरे पडायला लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत पडत राहतात. मास्तरांच्या खुर्चीतून दिसतं ते एवढंच: पालकांना शिक्षणाची आच नाही. वर्षानुवर्षं हेच दिसत आल्यामुळे ते सिद्ध झाल्यासारखं वाटतं. दुसरी जागा आहे वीटभट्टी. भातकापणी संपली की वाडीत काम उरत नाही. भट्टीमालकानं पावसाळ्यातच उचल दिलेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब निघतं. आईबाप पहाटेपासून विटा पाडतात, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते. मृगाच्या तोंडावर सगळे परततात. भट्टीवरून पाहिलं तर शाळा ही पावसाळ्यात भरणारी गोष्ट आहे.

दिवाळी ते मृग म्हणजे सुमारे सहा-सात महिने. पृथ्वीला कक्षेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला साधारण तेवढेच लागतात. पण पटावर या मुलांचं निरीक्षण कायम एकाच टोकावरून होतं. दुसऱ्या टोकाला गेल्यावर काय सुचतं हे वसई भागात विधायक संसद या संघटनेनं दाखवलं. त्यांनी भट्ट्यांवरच भोंगाशाळा काढल्या, मुलं जिथे आहेत तिथे. सरकारच्या हंगामी वसतिगृहांमागचा विचार त्याच्या उलट बाजूनं येतो: आईबापांना जाऊ दे, मूल गावातच राहू दे, त्याच्या जेवणाराहण्याची सोय शाळेनं पाहावी. दोन्ही उपायांत अडचणी आहेत. भट्टी दरवर्षी जागा बदलते, आणि सहा वर्षांच्या मुलाला मागे ठेवून जायला कुठल्या आईचा पाय निघेल? पण दोन्ही उपाय भट्टी पाहिल्यावर सुचलेले आहेत. खुर्चीतून सुचला असता तर पालकसभेत आणखी एक भाषण झालं असतं, आणि त्या सभेच्या दिवशी पालक भट्टीवर असते.